लाल झारीची गोष्ट

मार्च महिना होता, २००८ सालचा. सकाळी सव्वासातला मी नेहमीसारखी वाईहून पाचगणीला शाळेत निघाले होते. मागच्या सीटवर नववीच्या वह्यांचा गठ्ठा, शेजारी पोळी-भाजीचा डबा, आणि डोक्यात पहिल्या तासाला कुठला धडा घ्यायचा याचा विचार. पसरणीचा घाट अर्ध्याहून जास्त चढून झाला होता. खाली वाई आणि कृष्णेचं खोरं धुक्यात होतं. एका वळणावर स्टिअरिंगच्या मागे काहीतरी लाल चमकलं.

पाहिलं तर छोटीशी झारी! आपण देवघरात समईत तेल घालायला वापरतो ना, अगदी तशी. चोचीतून एक थेंब पडतोय. इतकी वर्षं गाडी चालवत होते, पण त्या चित्राकडे कधी धड लक्षच दिलं नव्हतं. चावी फिरवली की ती लागते आणि गाडी सुरू झाली की विझते, एवढंच माहीत. आता ती चालत्या गाडीत लागली होती. आधी लुकलुकली आणि मग लागूनच राहिली.

मैत्रिणींनो, त्या क्षणी मी काय करायला हवं होतं? गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करायला हवं होतं. आणि मी काय केलं? घड्याळ पाहिलं. प्रार्थनेला दहा मिनिटं होती. "तेल कमी झालं असेल, संध्याकाळी बघू," असं म्हणून तशीच शाळेपर्यंत गेले. दीड-दोन किलोमीटर. त्या दोन किलोमीटरचं मला आजही वाईट वाटतं. का, ते पुढे सांगते.

बाबांची गाडी

गाडी म्हणजे आपली सगळ्यांची ओळखीची मारुती ८००. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. डिसेंबर १९८३ मध्ये ही गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये शेवटची तयार झाली. मधल्या तीस वर्षांत कितीतरी घरांत आलेली ती पहिली गाडी. आमची १९९६ सालची. बाबांनी निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशातून घेतलेली. ते गेल्यावर दादा म्हणाला, "तू घाट चढतेस रोज एसटीने उभी राहून. तूच ने." तेव्हा मी पस्तिशी ओलांडली होती. ड्रायव्हिंग शिकले ते त्या गाडीवरच. आमच्या ह्यांची बदली नांदेडला, लेक बारावीला, सासूबाईंचे गुडघे. त्या गाडीने मला दिवसाचे दोन तास परत मिळवून दिले होते. नोकरी करणाऱ्या बाईला दोन तास म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

त्या दिवशी दुपारी शाळा सुटल्यावर देवाचं नाव घेऊन चावी फिरवली. झारी लागली, गाडी सुरू झाली, झारी विझली. घरी येईपर्यंत काही नाही. मला वाटलं, गेलं दुखणं. दुसऱ्या दिवशी घाटात पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

"साहेबांना पाठवा"

स्टँडजवळच्या एका गॅरेजमध्ये गेले. तिथल्या मुलाने बॉनेट उघडलं, पट्टी काढून ऑईल पाहिलं. ऑईल पुरेसं होतं. म्हणाला, "ताई, काही नाही, स्विच खराब आहे. वायर काढून टाकतो, परत दिवा लागणारच नाही."

मी विचारलं, "पण स्विचच खराब आहे हे कशावरून?"

तर म्हणतो, "तुम्हाला नाही कळायचं ते. साहेबांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो."

वायर काढू दिली नाही हे माझं नशीब. शनिवारी साताऱ्याला एका मोठ्या गॅरेजमध्ये गेले. तिथे पांढऱ्या शर्टातल्या गृहस्थांनी दहा फुटांवरून इंजिनाचा आवाज ऐकला, किती किलोमीटर झालेत ते विचारलं आणि निकाल दिला, "मॅडम, इंजिन काम मागतंय. बेअरिंग गेलेत. उघडावं लागेल. बावीस हजार धरून चाला."

बावीस हजार! जूनमध्ये लेक पुण्याला जाणार होती. तिच्या होस्टेलच्या अनामत रकमेसाठी मी पोस्टात जेवढे ठेवले होते, जवळजवळ तेवढेच. रात्री ह्यांना फोन केला. ते म्हणाले, "विकून टाक, भंगारात जाईल नाहीतर." दादाचंही तेच. मी मात्र रात्रभर जागी. एक म्हणतो काहीच झालेलं नाही, दुसरा म्हणतो सगळंच गेलंय. आणि दोघांनीही मोजलं काहीच नाही. घरात ताप आलेल्या पोराला डॉक्टरने थर्मामीटर न लावताच, दारातूनच "काही नाही" किंवा "टायफॉईड" म्हटलं, तर आपण ऐकून घेऊ का?

मिस्त्रींचा पहिला प्रश्न

आमच्या शाळेतल्या एका सहकारी बाईंच्या ओळखीने वाईतच एका बोळात काम करणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेले. गाडी तिथवर चालवत नेली नाही. तोवर थोडी अक्कल आली होती, म्हणून दोरी बांधून ओढत नेली. मिस्त्रींनी बॉनेटला हातही लावला नाही. हात पुसत म्हणाले, "बाई, दिवा कधी लागतो ते सांगा."

आणि इथे माझी दुधाच्या हिशेबाची सवय कामाला आली. ह्यांनी फोनवर हाच प्रश्न विचारला होता आणि मला नीट सांगता आलं नव्हतं, म्हणून नंतर मी एका वहीत टिपून ठेवलं होतं. वही काढून वाचून दाखवली. सकाळी थंड गाडी सुरू केली की दिवा लगेच विझतो. गावात लागत नाही. घाटाच्या सुरुवातीला लागत नाही. पंधरा-वीस मिनिटं चढ चढल्यावर, दुसऱ्या गियरमध्ये गाडी ओढत असताना लागतो. पाय काढून गाडी कडेला घेतली, इंजिन नुसतं गुरगुरत ठेवलं की कधी कधी विझतो. गाडी तासभर बंद राहिली तर परत सगळं ठीक.

मिस्त्री ऐकत राहिले. म्हणाले, "हे अर्धं निदान झालं. गाडीत रोज बसतो त्यालाच हे ठाऊक. आम्हाला गाडी इथं उभी दिसते फक्त."

झारी नेमकं काय सांगते?

त्या दिवशी लाकडी स्टुलावर बसून मी जे शिकले, ते तुम्हालाही सांगते. माझा मोठा गैरसमज हा, की झारी म्हणजे ऑईल संपलं. तसं नाही. झारी ऑईलचा दाब सांगते. ऑईल किती आहे हे पट्टी सांगते, म्हणजे डिपस्टिक. ऑईल काठोकाठ असूनही दाब नसू शकतो.

इंजिनाच्या तळाशी एक चेंबर असतं, त्यात ऑईल साठतं. मारुतीत जेमतेम तीन लिटर. तिथून एक पंप ते जाळीतून ओढतो, फिल्टरमधून गाळतो आणि बारीक बारीक वाटांनी क्रँकच्या बेअरिंगपर्यंत आणि वर व्हॉल्व्हपर्यंत पोचवतो. क्रँक आणि बेअरिंग यांच्यातली फट केसापेक्षाही कमी. त्या फटीत ऑईलचा पातळ थर दाबाने टिकून राहतो आणि त्या थरावर क्रँक तरंगत फिरतो. मिनिटाला तीन हजार फेरे म्हणजे सेकंदाला पन्नास. दाब गेला की थर तुटतो आणि लोखंडावर लोखंड घासतं. बेअरिंग काही मिनिटांत खरवडून निघू शकतात. म्हणून मला त्या दोन किलोमीटरचं वाईट वाटतं.

आणखी एक गोष्ट. हा दिवा लवकर सूचना देणारा नाही. इंजिनावर एक छोटा स्विच बसवलेला असतो. साधारण चार-पाच पौंडांच्या खाली दाब गेला की तो दिवा लावतो. पौंड म्हणजे टायरमध्ये हवा भरताना आपण म्हणतो ना "तीस पौंड भर", तेच माप. गरम इंजिन रस्त्यावर पळताना तीस-चाळीस पौंड दाब असायला हवा. म्हणजे चाळीसचे पंचवीस, पंचवीसचे दहा होईपर्यंत झारी गप्प. ती बोलते तेव्हा जवळजवळ काहीच उरलेलं नसतं.

काही जुन्या गाड्यांत दिव्याऐवजी काटा असतो. काटा जास्त बोलका, कारण दाब हळूहळू उतरतोय हे तो दाखवतो. पण त्याच्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही. विजेवर चालणाऱ्या काट्याला इंजिनावरच्या सेंडरकडून निरोप येतो. वायर सैल झाली, सेंडरला अर्थिंग मिळालं नाही की काटा चुकीचं दाखवतो. गळती होऊ नये म्हणून कुणी सेंडरच्या आट्यांवर पांढरी टेप जास्त गुंडाळली, तरी अर्थिंग तुटू शकतं.

दाब का जातो?

मिस्त्रींनी मला घरातल्याच नळांचं उदाहरण दिलं. दुमजली घर आहे. खालच्या मजल्यावरचे सगळे नळ उघडे ठेवले, तर वरच्या नळाला धार येईल का? पंप तोच, पाणी तेवढंच. बेअरिंग झिजले की फटी वाढतात, म्हणजे खालचे नळ उघडे राहतात. ऑईल वाहून जातं, दाब धरत नाही. या दुखण्याची खूण अशी : गाडी गरम झाली आणि सिग्नलला नुसती गुरगुरत उभी असली की दिवा लागतो, रेस वाढवली की विझतो. बहुतेक जुन्या इंजिनांचं हेच रडगाणं.

दुसरं कारण, ऑईलच पातळ झालेलं. गुळाचा पाक थंड असताना जाड आणि गरम असताना पाण्यासारखा. ऑईलचंही तसंच. थंड इंजिनात दाब नेहमीच चांगला दिसतो, म्हणून थंड गाडीवरून निदान करायचं नाही. ऑईल फार जुनं असेल, चुकीच्या ग्रेडचं असेल किंवा त्यात पेट्रोल मिसळत असेल तर दाब उतरतो. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत पेट्रोलचा पंप इंजिनावरच बसलेला असतो. त्याचा पडदा फाटला की पेट्रोल थेट ऑईलमध्ये उतरतं. खूण सोपी आहे. पट्टीला पेट्रोलचा वास येतो आणि ऑईलची पातळी कमी होण्याऐवजी वाढते! पट्टीवर कॉफीसारखं दुधाळ काही दिसलं तर रेडिएटरचं पाणी आत शिरत असण्याची शंका घ्यायची. आणि ऑईल खुणेच्या फार वर भरलं तरी वाईट. क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि फेसाला दाब धरता येत नाही.

तिसरं, पंपाजवळचा दाबाचा व्हॉल्व्ह. दाब फार वाढला तर जास्तीचं ऑईल परत चेंबरमध्ये सोडायचं हे त्याचं काम. कुकरच्या शिट्टीसारखंच म्हणा ना! शिट्टीखाली भाताचं शीत अडकलं की वाफ निघून जाते आणि डाळ शिजत नाही. तसा हा व्हॉल्व्ह कचऱ्याने उघडा राहिला की दाब तयारच होत नाही.

चौथं, चेंबरमधली जाळी. चहाच्या गाळणीत पत्ती साचली की चहा थेंब थेंब पडतो. जाळी तुंबली की हळू फिरणाऱ्या इंजिनाला पुरेसं ऑईल कसंबसं मिळतं, पण जोरात फिरणाऱ्याला पुरत नाही. गाळ जाळीवर ओढला जाऊन चिकटतो. गाडी बंद करून ठेवली की तो सुटून खाली बसतो आणि दुखणं बरं झाल्यासारखं वाटतं.

हे ऐकताना मी माझ्या वहीकडे पाहत होते. मिस्त्री हसले. "तुमच्या वहीत चौथंच लिहिलंय असं दिसतंय. पण मोजल्याशिवाय मी बोलणार नाही."

घाटातली तपासणी

आधी साध्या गोष्टी. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबून पट्टी काढली, पुसली, परत घालून पाहिली. पातळी ठीक. पेट्रोलचा वास नाही. ऑईल मात्र डांबरासारखं काळं. मग स्विचची वायर काढून चावी फिरवली. दिवा विझलेला राहिला. म्हणजे वायर कुठे घासून इंजिनाला चिकटलेली नाही. वायर काढूनही दिवा लागला असता, तर दोष वायरचा. मग त्यांनी तो स्विच उघडला आणि त्याच्या जागी पितळी नळी लावून साधं यांत्रिक मीटर जोडलं. वीज नाही, सेंडर नाही. ऑईलचा दाब थेट काट्यावर.

थंड गाडी सुरू केली. पंचेचाळीस पौंड. गरम होऊ दिली. नुसती गुरगुरताना चौदा. मिस्त्री म्हणाले, "जुन्या इंजिनाला गरम असताना दहाच्या वर म्हणजे पास. दर हजार फेऱ्यांना दहा पौंड, असा आमचा ढोबळ हिशेब." बेअरिंग साफ गेले असते तर इथेच आकडा पडला असता. इथवर माझा जीव भांड्यात पडला होता.

मग म्हणाले, "चला, घाटात जाऊ. तुम्ही चालवा, मी बसतो." मी म्हटलं, "तुम्हीच चालवा ना." तर म्हणाले, "दिवा कुठे लागतो ते तुम्हाला माहीत आहे." मीटर त्यांनी काचेच्या बाहेर, वायपरजवळ पट्टीने घट्ट बांधलं होतं. नळी आत घेतली नाही. फुटली तर उकळतं ऑईल अंगावर येईल म्हणून. मी गाडी चालवतेय, ते काचेतून काटा वाचतायत. "अडतीस... अडतीस... चाळीस." अर्धा घाट झाला. "चौतीस." मी दुसऱ्या गियरमध्ये. "अठ्ठावीस. वीस." माझे तळहात घामेजले. "बारा. बास, कडेला घ्या, बंद करा!"

आम्ही कठड्यापाशी वीस मिनिटं उभे राहिलो. मग इंजिन सुरू करून त्यांनी काटा पाहिला, तर गुरगुरताना परत चौदा-पंधरा. मिस्त्री कधी नव्हे ते जोरात म्हणाले, "जाळी!" गाडी वळवून, इंजिनावर जोर न देता, काट्यावर डोळा ठेवून आम्ही हळूहळू खाली आलो.

चेंबरमध्ये काय निघालं?

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिथे बसले. चेंबर खाली उतरवलं. तळाला बोटभर काळा, जेलीसारखा गाळ. आणि जाळीवर त्या गाळासोबत रबरासारखे लालसर तुकडे चिकटलेले. दोन वर्षांपूर्वी चेंबरमधून ऑईल गळत होतं, म्हणून एका गॅरेजमध्ये ते परत बसवून घेतलं होतं. तिथे कुणीतरी सीलंट हात सोडून लावलं होतं. बाहेरच्या बाजूला दिसतं तेवढंच आतल्या बाजूलाही फुगून येतं, वाळतं, तुटतं आणि तरंगत जाळीवर जाऊन बसतं. सीलंट लावायचं तर बारीक रेघेसारखं, आपण करंजीच्या कडेला दूध लावतो तेवढंच.

गाळाचा दोष मात्र आमचा. बाबांची गाडी गावातल्या गावात फिरायची. मंडई, बँक, देऊळ. इंजिन पुरतं गरम होण्याआधीच बंद. अशा गाडीत ऑईलमध्ये ओलावा साचतो आणि गाळ धरतो. "किलोमीटर कुठे झालेत अजून?" असं म्हणत आम्ही ऑईल बदलणं ढकलत राहिलो. कमी चालणाऱ्या गाडीचं ऑईल किलोमीटरवर नाही, कॅलेंडरवर बदलायचं असतं. निदान वर्षातून एकदा.

चेंबर उतरलेलंच होतं, म्हणून मिस्त्रींनी एका बेअरिंगची टोपीही उघडून दाखवली. राखाडी पृष्ठभाग थोडा घासलेला, पण ओरखडे नाहीत. म्हणाले, "वाचलं. अजून पंधरा दिवस अशीच घाटात मारली असती, तर साताऱ्याच्या साहेबांचं बोलणं तुम्ही स्वतःच खरं करून दाखवलं असतं."

आणि वायर काढून दिली असती तर? झारी विझली असती, मी निवांत घाट चढत राहिले असते, आणि एके दिवशी इंजिन खालून धडधड करत कायमचं थांबलं असतं. हे मनात आलं आणि खरोखर अंगावर काटा आला.

जाळी, चेंबर धुऊन, नवी पॅकिंग, नवा फिल्टर, पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडचं नवं ऑईल. जुना स्विच चांगला होता, तरी त्यांनी नवाच बसवला. सगळे मिळून १,८५० रुपये. परत मीटर लावून घाट चढलो. वर पोचेपर्यंत काटा अडतीसच्या खाली उतरला नाही. दोन हजार किलोमीटरवर ऑईल पुन्हा बदलून घ्या, उरलेला गाळ निघून जाईल, एवढी ताकीद मिळाली.

मी विचारलं होतं, बाजारात इंजिन धुवायचं औषध मिळतं ते घालू का? ते म्हणाले, "इतक्या गाळाच्या इंजिनात नको. ढेकळं सुटतील आणि पुन्हा जाळीवरच बसतील." आणि जाड ऑईल? "त्याने आकडा चढतो, दुखणं झाकलं जातं. निदान झाल्यावर, म्हाताऱ्या इंजिनाला आधार म्हणून घातलं तर गोष्ट वेगळी."

लेक जूनमध्ये पुण्याला गेली. होस्टेलची अनामत रक्कम भरायला आम्ही दोघी त्याच गाडीने गेलो. बाबांची गाडी पुढे सहा वर्षं माझ्याकडे होती.

आता माझ्याकडे दुसरी गाडी आहे. तिच्यात बटणं आहेत, पडदा आहे, पण झारी तीच, तशीच लाल. सकाळी चावी फिरवली की माझी नजर आपोआप तिच्याकडे जाते. लागली का? विझली का? मग गियर. आणि हो, ती वही अजूनही डॅशबोर्डच्या खणात आहे. त्यानंतर एकाही गॅरेजमध्ये मला कुणी "साहेबांना पाठवा" म्हणालेलं नाही. म्हणणार होते एक-दोघं, पण मी वही उघडली की थांबायचे.

एवढं लक्षात ठेवा

• चावी फिरवल्यावर, गाडी सुरू होण्याआधी झारी लागलीच पाहिजे. लागत नसेल तर दिवा किंवा वायर गेली आहे. ते आधी दुरुस्त करा.

• गाडी सुरू झाल्यावर काही सेकंदांत ती विझली पाहिजे.

• चालताना लागली तर सुरक्षित जागी कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. "घरी जाऊन बघू" नको. दहा मिनिटांनी पट्टी पाहा. ऑईल कमी असेल तर भरा. भरूनही दिवा राहिला तर गाडी ओढत न्या.

• वरून टकटक आवाज येत असेल तर लगेच लक्ष द्या. खालून जड धडधड येत असेल तर गाडी सुरूसुद्धा करू नका.

• कधी लागतो ते लिहून ठेवा : थंड की गरम, उभी की पळताना, चढावर, वळणावर की ब्रेक मारताना.

• इंजिन उघडायला हो म्हणण्याआधी एकच विचारा : "यांत्रिक मीटर लावून, गरम इंजिनावर दाब मोजलात का? किती आला?" आकडा सांगतील त्यांच्याकडेच काम द्या.